दोन हापसे, एक वही आणि आतली खरखर

गुरुवार, २१ एप्रिल. लातूर, तुझं घर. सकाळी साडेअकरा ते दुपारी अडीच. तुझ्या मागे घातलेली गणाराधना.

हजर: तुझे गुरुनाथराव, इस्त्रीच्या सदऱ्यात, त्यांनी दोनदा चष्मा शोधला, दोन्ही वेळा तो डोळ्यांवरच होता. तुझी रेवती. उदगीरहून तुझा भाऊ आणि भावजय. जंगम स्वामी आणि त्यांच्याबरोबरचे दोघे. आपल्या जुन्या वसाहतीतल्या सरूबाई आणि मंगल. शेजारपाजार, दुकानाची जुनी गिऱ्हाइकं. मी. पंगतीला बासष्ट पानं झाली. मी पंच्याहत्तर सांगितली होती, कारण तुझ्यासाठी माणसं न सांगताही येतील असा माझा अंदाज होता. आली असती, पण ऊन फार होतं.

गैरहजर: तू.

हजेरी घ्यायची माझी सवय तुला नवीन नाही. भिशी असो, हळदीकुंकू असो, तुझ्या नावापुढे मी आधी एक टिंब देऊन ठेवायचे, कारण तू उशिरा यायचीस. आलीस की टिंबाची रेघ करायचे. गुरुवारी हातानं सवयीनं टिंब दिलं. मग ते खोडायला खोडरबर शोधत बसले, आणि ते सापडेपर्यंत तुझी भावजय माझ्या पाठीवरून हात फिरवत होती. तिला वाटलं मी रडतेय. मी खरंच आधी खोडरबर शोधत होते. रडू नंतर आलं.

जेवणं झाल्यावर बायका मागच्या पडवीत बसल्या आणि तुझ्या गोष्टी निघाल्या.

“नांदेडला निघालेली बाई निलंग्याला उतरती, आता बोला,” सरूबाई म्हणाल्या. “आणि वर परत येऊन मलाच सांगती, सरूबाई, नांदेडचा गुरुद्वारा कुठं दिसंनाच गेला!”

“शिऱ्यात मीठ,” मंगल म्हणाली. “एकदा न्हाई, दोनदा. दुसऱ्यांदा तर मी शेजारी उभी राहून साखर, साखर म्हणत होते.”

“विमल, तू हापशाचं सांग की! तुझ्याकडं तर वही व्हती.”

सगळ्या माझ्याकडे वळल्या. मी सांगितलं. हापशाचं मी चांगलं सांगते, तीस वर्षं सांगतेय. कुठे थांबायचं, कुठे तुझा आवाज काढायचा, सगळं बसलेलं आहे. बायका डोळे पुसपुसून हसल्या. दारात उभे असलेले गुरुनाथरावही हसले, मग चष्मा शोधत आत गेले.

भांडी आवरताना रेवती मोरीपाशी माझ्याजवळ आली. हळू आवाजात म्हणाली, “मावशी, आई खरंच एवढी वेंधळी होती? का तुम्ही सगळ्यांनी मिळून तिला तशी केली?”

मी हातातलं पातेलं खाली ठेवलं. “रविवारी अकराला माझ्याकडे ये,” म्हटलं. “वही दाखवते.”

“वही सापडली?”

“हो.”

तिनं माझ्याकडे बघितलं. अगदी तुझ्यासारखं बघते गं ती, डोकं एका बाजूला कलवून.

ती वही कधी हरवलेलीच नव्हती, नंदा. हे तुला माहीत होतं. तरी एकदा लिहून टाकते.

आपला जिल्हा नवा झाला तेव्हा मी नांदेडहून नवरा, दोन ट्रंका आणि कलेक्टर कचेरीतली टायपिस्टची नेमणूक घेऊन लातूरला आले. कचेरीत आधी खुर्च्या आल्या, टेबलं नंतर आली. सगळ्यात जास्त काम पाट्या रंगवणाऱ्याला होतं. पत्रं आधी जुन्या जिल्ह्याला जायची आणि मग फिरून आपल्याकडे यायची. पाणी मात्र जुन्या जिल्ह्यातही नव्हतं आणि नव्यातही नव्हतं. मी दिवसभर टँकरच्या गावांच्या याद्या टाइप करायचे आणि घरी आले की रांजणात वाकून बघायचे.

आपल्या वसाहतीत सहा घरं आणि वाट्याला दोन हापसे. वरचा लिंबाखाली, खालचा ओढ्याच्या काठी. रात्रीतून बोअरमध्ये जेवढं झिरपेल तेवढं सकाळी मिळायचं. कधी वीस घागरी, कधी चार, आणि मग दांडा नुसताच खडखडायचा. आज वरचा चांगला चालायचा, पंधरा दिवसांनी खालचा. पालटलं की कुणी सांगायला यायचं नाही. आपण ठरवलं होतं, रोज एका घराची पाळी. पाळीवालीनं सकाळी सहाला सहाही घरांच्या घागरी नेऊन एका हापशाला रांग लावायची. एकदा एकीकडे लावली की बदल नाही, कारण तोवर दुसऱ्या हापशाला मागच्या गल्लीतल्या बायका उभ्या. त्यांना विचारावं, काय गं, पाणी कसं आहे, तर “हाय थोडंथोडं.” घागर डोक्यावरून सांडत असली तरी “हाय थोडंथोडं.”

म्हणून मी वही घातली. रकाने पाच: तारीख, पाळी कुणाची, हापसा कुठला, घागरी किती, शेरा. नियम सोपा. ज्या हापशानं मागच्या तीन खेपांत जास्त दिलं, तिकडे जायचं. वही दोरीनं माझ्या दाराच्या कडीला बांधलेली असायची. जिची पाळी तिनं संध्याकाळी येऊन वाचायची. तू त्या वहीला हळदकुंकू वाहिलं होतंस. मला वाटलं भक्तीनं. “नव्या जिल्ह्याला कलेक्टर दोन,” तू सगळ्यांसमोर म्हणालीस, “एक हाफिसात, एक हापशावर.” तेव्हापासून मी कलेक्टरीणबाई.

तुझी पहिली चूक मला तोंडपाठ आहे. वही सांगत होती वरचा, तू गेलीस खाली, तीन घागरी घेऊन आलीस.

“का गेलीस खाली?”

“वरच्याला काल आठच आल्या व्हत्या की.”

“बारा आल्या होत्या. लिहिलेलं आहे. तू वाचलंस. मी बघितलं तुला वाचताना.”

“वाचलं की! बाराच वाचल्या.” तू विचारात पडलीस. “वाचून डोक्यात टाकेपर्यंत आठ झाल्या बघ.”

“अशा कशा होतील?”

“ते मला काय ठाऊक? घागरीतून रांजणात वततानी सांडत न्हाई का थोडं? तसं सांडलं आसंल.”

मी शेऱ्यात लिहिलं: वेंधळेपणा.

मला आधी वाटलं, तू आगाऊपणा करतेस. माझा नियम मोडायचा म्हणून मोडतेस. मग वाटलं, तुला चौकशा फार, खाली काय चाललंय ते बघायला जातेस. तसं विचारलंही. तू म्हणालीस, “न्हाई गं बाई. मी जाते ती बरोबरच ठिकाणी जाते. तिथं गेल्यावर ते चुकीचं निघतं.”

आणि एकदा ते बरोबर निघालं. सात-आठ दिवस वही सांगेल तसं सगळ्या वरच्यालाच जात होत्या. पाच घागरी, चार घागरी, पुन्हा पाच. खालच्याचा वहीतला शेवटचा आकडा होता तीन, म्हणजे नियमानं वरचाच बरा. तुझी पाळी आली. तू खाली गेलीस आणि साडेसातपर्यंत परतच आली नाहीस. मी बघायला निघाले तर तू वाटेत, डोक्यावर एक, कमरेवर एक, पदर चिंब, आणि मागे सरूबाईंना हाका मारत. त्या दिवशी बावीस घागरी निघाल्या. खालचा केव्हाचा भरला होता आणि मागची गल्ली आठ दिवस थोडंथोडं म्हणत मनसोक्त धुणी धूत होती.

“तुला कळलं कसं?” सगळ्यांनी विचारलं.

तू प्रामाणिक होतीस, हे मी इथे नोंदवते. तू म्हणालीस, “मला कुठं काय कळलं? मला वाटलं वही खालचा म्हणाली.”

शेऱ्यात मी लिहिलं: वेंधळेपणा. फायदा झाला.

आता पाहुण्यांचा दिवस. गुरुवारी पडवीत मी हेच सांगितलं, पण जसं नेहमी सांगते तसंच सांगितलं. माझ्या नणंदेला बघायला भोकरहून पाहुणे यायचे होते, सात जण. आदल्या संध्याकाळी मी तुला तीनदा सांगितलं, उद्या वरचा. तुझ्या तळहातावर पेनानं ‘वर’ असं लिहिलं. तू हात धुतलास. सकाळी तू खाली गेलीस. सहा घरांत मिळून दोन घागरी. स्वयंपाक कसाबसा झाला. पाहुणे आले, आणि हात धुवायला पाणी नाही. माझ्या नवऱ्यानं कोपऱ्यावरच्या दुकानातून गोटी सोड्याचा क्रेट उचलून आणला. आम्ही पाहुण्यांच्या हातावर सोडा ओतला. मुलाचे काका म्हणाले, “तुमच्याकडं हात सोड्यानं धुतेत का?” माझा नवरा म्हणाला, “रोज नाही. पाहुण्यांचे.”

लग्न जमलं. भोकरला आजही सांगतात, मुलीकडचे लातूरचे फार बडे लोक.

इथे पडवीतल्या बायका हसतात आणि मी थांबते. पुढचं मी कधी सांगत नाही. पाहुणे गेल्यावर सहाही घरांच्या बायका अंगणात असताना मी तुला म्हणाले, “तुझ्या डोक्यात मेंदू नाही, कडबा भरलाय.” आवाज चढवून म्हणाले. तुझी रेवती तेव्हा तुझ्या कडेवर होती.

तू म्हणालीस, “हाव. पण यंदा कडबा बी मिळंना झालाय. जपून ठेवते.”

सगळ्या हसल्या, तूही हसलीस. म्हणून मला वाटलं, तुला लागलं नाही. असंच वाटून घेणं मला सोयीचं होतं.

त्यानंतर मी चार दिवस तुझ्याशी बोलले नाही. बोलणं बंद मी केलं, हेही विसरून चालणार नाही; लागायला हवं होतं तुला आणि रुसले मी. पाचव्या दिवशी माझा रेडिओ बंद पडला. बातम्यांशिवाय माझी सकाळ होत नाही, म्हणून नाइलाजानं गंजगोलाईच्या बाजारामागच्या गल्लीत, तुमच्या रेडिओदुरुस्तीच्या दुकानात आले. गुरुनाथराव बाहेर गेले होते. तू रेडिओ उघडून बसली होतीस. जिला साखर आणि मीठ ओळखता येत नाही तिचा हात त्या केसाएवढ्या तारांवर कसा चालतो, याचं मला नेहमी नवल वाटायचं.

तू माझा सेट दुरुस्त केलास. मग काटा दोन स्टेशनांच्या मध्ये आणून ठेवलास.

“ऐक. काय येतंय?”

“खरखर.”

“कुठून येती?”

“बाहेरून. हवेतून. विजेच्या तारा असतात, मोटारी असतात.”

तू एरियल काढून टाकलंस. खरखर थोडी कमी झाली, पण राहिली.

“आता बाहेरचं काय न्हाई. तरी हाय का न्हाई? ही सेटच्या आतली. ह्यातल्या प्रत्येक पुर्ज्याची थोडी थोडी. नवा कोरा सेट आण, बिनखरखरीचा मिळायचा न्हाई. स्टेशन जोरात आसलं तर ऐकू येत न्हाई, येवढंच.” मग मान कलवून म्हणालीस, “माझ्या डोक्यात तेच हाय. कडबा न्हाई.”

“माझ्या डोक्यात असली काही खरखर नाही,” मी म्हणाले.

“आसंल की. तुझं स्टेशनच लई मोठ्यानं लागलेलं हाय, म्हणून तुला ऐकू येत न्हाई.”

मी दुरुस्तीचे पैसे काढले, तू घेतले नाहीस. भांडण मिटलं. वाद मिटला नाही. तो तीस वर्षं चालला, तुझ्या ओट्यावर, माझ्या ओट्यावर, लग्नकार्यात, नांदेडच्या बसमध्ये. त्या वेळी मात्र मी तुला खिडकीशी बसवलं आणि तिकीट माझ्याकडे ठेवलं. मी म्हणायचे, लक्ष दिलं की चूक होत नाही. तू म्हणायचीस, लक्ष देऊनच होते, लक्ष देणारा बी आतलाच की.

मग रेवती शिकून परगावी गेली आणि मेंदूचा अभ्यास करायला लागली. तू सांगायचीस, “माझ्या डोक्याचं काय करावं ह्याचा शोध लावून राहिली ती.” गेल्या वर्षी एका दुपारी तुझ्याकडे बसले असताना तिचा फोन आला. तू फोन मोठ्या आवाजावर ठेवलास आणि तिला म्हणालीस, “ते दोन डब्यांचं विमलमावशीला सांग.”

तिनं सांगितलं. माणसासमोर दोन डबे, म्हणजे दोन पर्याय, ठेवतात. कधी एकातून जास्त मिळतं, कधी दुसऱ्यातून, आणि ते हळूहळू बदलत राहतं. माणूस कसा शिकतो ते बघतात. बहुतेक वेळा माणूस जिकडे जास्त मिळतंय असं शिकला तिकडेच जातो, पण मध्येच दुसरीकडे वळतो. “लोकांना वाटायचं मावशी, की तो मुद्दाम वळतो, तिकडे काय आहे बघायला. काही वेळा तसं असतंही. पण बरंचसं मुद्दाम नसतं. नवा अनुभव जुन्या अंदाजात मिसळताना मेंदूचाच हिशेब थोडा इकडेतिकडे होतो. तो फरक अंदाजात राहून जातो, पुढच्या वेळी त्यावर आणखी थोडा बसतो.”

“म्हणजे निवडताना चुकत नाही, शिकतानाच चुकतं?” मी विचारलं.

“दोन्हीकडे होतं, पण शिकतानाचं पुष्कळ असतं.”

तू पलंगावर उठून बसलीस. “बाराच्या आठ! मी तेच म्हणत व्हते! वाचून डोक्यात टाकेपर्यंत बाराच्या आठ झाल्या!”

“आणि हे सगळ्यांचं होतं?” मी विचारलं. “नीटनेटक्या माणसांचं सुद्धा?”

“सगळ्यांचं, मावशी. कमीजास्त.”

तू फोनवरून नजर उचलून माझ्याकडे बघितलंस. मी चहा टाकायला आत गेले.

आतून ऐकत होते. रेवती म्हणत होती की या गोंधळाचा कधीकधी उपयोगही होतो, माणूस एकाच जागी अडकून पडत नाही. तू तिला तिथेच अडवलंस. “उपेग झाला म्हणून त्याची पूजा घालू नगंस. पाहुण्यांच्या हातावर सोडा वतला व्हता मावशीनं.” तो दिवस तूही विसरली नव्हतीस तर. तुला लागलं होतं.

मग रेवतीनं वही मागितली. तिला ती मुलांना शिकवताना दाखवायची होती. खऱ्या बायका, खरे हापसे, रोजची नोंद. मी चहाचे कप ठेवले आणि म्हणाले, “बघावी लागेल. कुठे आहे कोण जाणे.”

तू इतकी हसलीस की तुला खोकला आला. “तुला? सापडंना? रेवती जन्मली तवाची वाणसामानाची यादी सापडती तुला!”

त्यानंतरच्या माझ्या सबबी क्रमानं अशा: माळ्यावर असेल. नांदेडला भावाकडे राहिली असेल. घर बदलताना रद्दीत गेली असेल. वाळवी लागली असेल. वाळवीवर तू म्हणालीस, “वाळवीनं आधी अर्ज केला व्हता का तुझ्याकडं?” दर महिन्याला विचारायचीस, रागावून नाही, जेवलीस का विचारावं तसं. वही माझ्या लोखंडी कपाटात तिसऱ्या फळीवर होती, कापडात गुंडाळून.

दवाखान्यातून तुला घरी आणलं तेव्हा मी रोज चारला यायचे. तुझ्या गोळ्या वेळेप्रमाणे डब्यांत लावून द्यायचे. शेवटून दुसऱ्या भेटीत तू विचारलंस, “वही सापडली का गं?”

“बघून राहिले.”

“बघ, बघ.” मग म्हणालीस, “मला त्यात माझं न्हाई बघायचं, विमल. माझं मला पाठ हाय.”

मला कळलं. तुला माझ्या पाळीच्या नोंदी बघायच्या होत्या. मी तुझा टॉवेल घेतला आणि घडी घातली. ती नीट आली नाही म्हणून मोडून पुन्हा घातली. मग म्हणाले, रात्रीची गोळी पांढऱ्या डबीत आहे. तू म्हणालीस, हाव. एवढं सोपं होतं, तेव्हाच म्हणायचं, नंदा, मीही जायची गं. चार शब्द. त्यांच्यासाठी यादी करावी लागत नाही.

गुरुवारी रेवतीला रविवार सांगितला, आणि शुक्रवारी सकाळी मी कपाट उघडलं.

मोजायच्या आधी नियम ठरवला, नाहीतर मी मला सोयीचं मोजलं असतं. चूक कशाला म्हणायचं? वहीनं एक हापसा सांगितला आणि बाई दुसऱ्याकडे गेली, ती चूक. पाणी किती आलं ते बघायचं नाही. मग पट्टी लावून ओळ न् ओळ बघितली. दहा वाजता बसले, एक वाजता उठले.

तुझ्या चुका एकोणीस. माझ्या सतरा.

पुन्हा मोजल्या. तुझ्या एकोणीस, माझ्या सतरा. सगळ्यांच्या पाळ्या सारख्याच होत्या. तीस वर्षं मी ज्या फरकावर गोष्टी सांगितल्या तो फरक दोनाचा निघाला.

आणि शेरे. तुझ्यापुढे एकोणीस वेळा वेंधळेपणा, त्यातल्या एकापुढे फायदा झाला. माझ्यापुढे सतरा कारणं, सतराही वेगळी. वरच्या हापशाला कुत्रं बसलं होतं. चप्पल तुटली, खालचा जवळ पडला. अमावास्या. वरच्याचा आवाज बरोबर वाटला नाही. दूरदृष्टीनं खालचा निवडला. एका ठिकाणी चक्क लिहिलंय: पाऊस येण्याचा संभव. त्या वर्षी, नंदा! पावसाचा संभव!

मला वाटलं, असतीलही खरी कारणं. म्हणून दोन पानं शेजारी ठेवून बघितली. दोन दिवस असे मिळाले की मागचे आकडे अगदी तेच, पाळी माझीच. एका दिवशी मी वर गेले आणि शेऱ्यात काही नाही. दुसऱ्या दिवशी खाली गेले आणि शेऱ्यात चप्पल. चप्पल दोन्ही दिवशी तीच होती. नवी तर मी दिवाळीला घेतली. गेले आधी. चप्पल नंतर तुटली, घरी आल्यावर, वही उघडल्यावर. म्हणजे चूक तुझ्याकडून झाली की तो तुझा स्वभाव, आणि माझ्याकडून झाली की त्याला कारण. मी खोटं लिहीत होते असंही नाही. लिहिताना मला ते खरंच वाटत होतं. माझं स्टेशन मोठ्यानं लागलेलं होतं.

आणखी एक सापडलं. माझ्या सतरापैकी सहा दिवसांपुढे कारणाच्या खाली बारीक अक्षरात लिहिलंय, नंदाकडून तीन घागरी. नंदाकडून दोन. नंदाकडून चार. त्या दिवशी तुझी पाळी नव्हती. म्हणजे मी चुकीच्या हापशाला गेलेली तू खिडकीतून बघितली असणार, आणि तुझ्या घरात उरलेली घागर घेऊन दुसऱ्या हापशाला मागच्या गल्लीतल्या बायकांच्या रांगेत शेवटी जाऊन उभी राहिली असणार. माझा रांजण भरलास आणि कुणाला बोलली नाहीस. माझं अक्षर, माझी नोंद. आकडा लिहिला आणि पान उलटलं. तीस वर्षांत एकदाही मनात आलं नाही की त्या घागरी कशाच्या.

तू एकदा जरी म्हणाली असतीस, कलेक्टरीणबाई, तुम्ही आज कुठं गेल्या व्हत्या? अंगणात, सगळ्यांसमोर. तुझा हक्क होता. उलट शेवटपर्यंत मलाच सांगायची संधी देत राहिलीस, दर महिन्याला एकदा, खोकत खोकत. हे तू मुद्दाम केलंस की तुझ्याकडून असंच होत गेलं, हे आता कुणाला विचारू? बघ, वाद अजून संपलेला नाही.

आज शनिवार, संध्याकाळ. उद्या अकराला रेवती येणार. तयारीची यादी केली होती. वही पुसून नवं कव्हर घातलं. झालं. रेवतीला शिरा आवडतो, रवा भाजून ठेवला, साखरेच्या डब्यावर मोठ्या अक्षरात साखर लिहिलं; मीठ जवळ ठेवलं नाही. झालं. सरूबाई आणि मंगल यांना फोन करून सांगितलं की पडवीत मी अर्धीच गोष्ट सांगितली, पुढची बाकी आहे, दोघींनी उद्या यावं. सरूबाई म्हणाल्या, “आणखी काय केलं व्हतं गं तिनं?” मी म्हणाले, तिनं नाही. झालं.

तुझ्यापुढचे एकोणीस शेरे लाल पेनानं, पट्टी लावून खोडले. प्रत्येकाच्या वर स्वच्छ अक्षरात लिहिलं: खरखर. ते व्हायला अर्धा तासही लागला नाही.

मग माझ्या पहिल्या नोंदीवर आले. वरच्या हापशाला कुत्रं बसलं होतं. पट्टी ठेवली, पेन उघडलं. आणि काय सांगू नंदा, मला ते कुत्रं दिसतंय. पिवळट रंगाचं, एक कान मोडलेला. नक्की होतं गं ते तिथे. नव्हतं, हे मला कळतंय, पण दिसतंय. साडेचारपासून बसलेय. आता सात वाजत आले. माझे सतरा अजून खोडायचे आहेत.